पिठाला हात लावू नकोस

३ फेब्रुवारी

नव्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. चिरंजीव म्हणत होते, "आई, तू कशाला, दुकान कोण बघेल?" बेकरीला दुपारचं कुलूप लावलं आणि गेले. हे नवरा-बायको डॉक्टरसमोर बसले की मूग गिळून बसतात, लग्न झाल्यापासून पाहते आहे. सुनेला विचारलं की पाळी वेळेवर येते का, तर ती आधी खाली बघणार, मग नवऱ्याकडे बघणार, तोवर पुढच्या पेशंटची वेळ व्हायची. म्हणून मीच सांगून टाकते. वेळेवर येते, पहिल्या दिवशी पोटात फार दुखतं, त्या दिवशी भट्टीपाशी उभं राहवत नाही. मुलाचंही मीच सांगितलं. त्याची तपासणी मागच्या डॉक्टरांकडे झाली आहे, आकडे उत्तम आहेत, व्यसन एकच, चहाचं.

बाई ऐकून घेतात, पण मधूनच पेन थांबवून माझ्याकडे बघतात. तरुण आहेत, सवय नसेल आयांची. सुनेच्या रक्ताची एक तपासणी लिहून दिली आहे. साधीच आहे म्हणाल्या, आत काही होऊन गेलं आहे का ते कळतं.

दुकानात येणारी प्रत्येक बाई सुटे पैसे मोजताना विचारते, काही गोड बातमी? केकच्या कपाटामागे बसायचं आणि गोड बातमी नाही म्हणायचं, याची आता मला लाज वाटायला लागली आहे. काल एकीला म्हटलं, गोड हवं असेल तर कपकेक ताजे आहेत. हसली, पण घेतला नाही.

९ फेब्रुवारी

लिहू की नको असं झालं आहे. ही डायरी दर वर्षी मैद्याचा व्यापारी देतो, मी ती कपाटात चादरींच्या खाली ठेवते. इथंच लिहिते, बोलायला कुणी नाही. हे असते तर यांच्याशी बोलले असते. अर्थात यांच्याशी असलं बोलता आलं असतं का, हाही प्रश्नच.

रिपोर्ट आला. बाईंनी सुनेला विचारलं, "सगळ्यांसमोर बोलू, की तुमच्या एकटीशी?" तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, बोला बिनधास्त, आमच्या घरात लपवाछपवी नाही.

मग त्या बोलल्या. रक्तात अँटीबॉडी सापडल्या आहेत. म्हणजे काय, तर शरीरात एखादा जंतू शिरला की रक्त त्याच्याशी लढायला सैन्य उभं करतं. जंतू गेला तरी सैन्य मागे राहतं, त्यावरून लढाई झाली होती हे कळतं. सुनेच्या रक्तातलं सैन्य क्लॅमिडिया नावाच्या जंतूशी लढलेलं आहे. नाव ऐकून मला कुंडीतल्या झाडाचं वाटलं. पुष्कळ बायकांना काही कळतही नाही म्हणाल्या, ना ताप ना दुखणं, पण आतल्या बीजनलिका चिकटून बंद होऊ शकतात. तसं झालंच आहे असं नाही, ते नळ्यांची वेगळी तपासणी केल्यावर समजेल.

मी विचारलं, कशानं होतं हे? पाण्यातून?

"शरीरसंबंधातून," बाई म्हणाल्या.

माझे कान तापले. पुढे त्या बरंच काही सांगत होत्या. हे कधी झालं ते या तपासणीत कळत नाही, कुणाकडून आलं तेही कळत नाही, दोघांनी लघवी तपासायला द्या, लागल्या तर गोळ्याही दोघांनी घ्यायच्या. पण माझं डोकं तिथंच अडकलं होतं. रक्त सुनेचं, सापडलं सुनेच्या रक्तात. हातच्या काकणाला आरसा कशाला? आमच्याकडे येण्याआधी तिचं एक ठरलेलं लग्न मोडलं होतं. का मोडलं, मी तेव्हा खोदून विचारलं नाही. चांगुलपणा नडला.

घरी येताना गाडीत चिरंजीव एवढंच बोलले, "कधीचं आहे ते कळत नाही, असंच म्हणाल्या ना त्या?" थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. बिचारा बायकोचं मागचं शोधतो आहे. सून खिडकीबाहेर बघत होती. मला तिच्या शेजारी बसायची लाज वाटत होती.

१० फेब्रुवारी

सकाळी सून नेहमीसारखी केस बांधून पिठापाशी आली. मी म्हटलं, "आजपासून पिठाला हात लावू नकोस. गल्ल्यावर बस."

"का?"

"लोक खातात ते."

मला वाटलं होतं, भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. तिनं एप्रन सोडला, खिळ्याला टांगला आणि पुढे दुकानात जाऊन बसली. चिरंजीव तिथंच मैदा चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही, चाळणी थांबवली नाही. मग पीठ त्यांनीच मळलं, कोपरापर्यंत हात घालून.

तिचा टॉवेल मी वेगळा केला. चहाचा कप वेगळा केला, निळा, कान तुटलेला. हे करताना मला बरं वाटत नव्हतं, हे इथं लिहून ठेवते. पण घराची अब्रू कुणीतरी सांभाळायला हवी, आणि या घरात सगळं कुणीतरी करायला हवं असेल तर ते कुणीतरी म्हणजे मीच.

१६ फेब्रुवारी

पोटात राहीना. धाकटीकडे गेले. धाकटी म्हणजे माझी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते, जीभ लांब पण माया खरी. तिच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

"ताई, असली बाई तुला घरात चालते कशी? बेकरी आहे तुझी."

मी म्हटलं, पिठापासून लांब ठेवली आहे. ती म्हणाली, ते ठीक, पण पोराच्या आयुष्याचं काय? बिचाऱ्यानं काय पाप केलं होतं? मी मान हलवली. बोलून फार हलकं वाटलं. निघताना तिला बजावलं, कुणाला सांगू नकोस. ती म्हणाली, माझ्या तोंडाला कुलूप. तिच्या कुलपाला किल्ली लागत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी सांगितलं.

२१ फेब्रुवारी

शाळेच्या कॅन्टीनवाल्यानं बन परत पाठवले. म्हणाला, मावशी, हे पोरांना खायला दिलेत की एकमेकांना मारायला? मुलाच्या हातचं पीठ फुगत नाही. बळ खूप, पण नुसतं गुद्दे मारल्यासारखं मळतो. सुनेचा हात वेगळाच होता. तिनं मळलेलं पीठ झाकून ठेवलं की तासाभरात पोट वर काढायचं. ते आठवलं आणि मी विषय बदलला, माझ्याच मनातला.

त्याहून वाईट म्हणजे पलीकडच्या इमारतीतली एक बाई आली आणि ब्रेड हातात धरून हळूच म्हणाली, "आता पीठ कोण मळतं हो तुमच्याकडे?" सून तिथंच गल्ल्यावर बसली होती. म्हटलं, मुलगा मळतो. "मग द्या दोन," बाई म्हणाली. पैसे तिनं सुनेच्या हातात दिले नाहीत, काउंटरवर ठेवले.

मला लाज वाटली. कुणाची, ते मात्र तेव्हा नीट कळलं नाही.

चिरंजीव हल्ली माझ्याशी फार मायेनं वागतात. काल न सांगता नव्या चपला आणल्या, मऊ तळव्याच्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आज त्यांची पाठ धरली आहे, अंग कोमट आहे. मुळात प्रकृती नाजूक. लग्नाच्या आदल्या वर्षी परगावी हॉटेलात केक शिकायला राहिला होता, तेव्हा ताप आणि जांघेत सूज घेऊन घरी आला. पाय टाकता येत नव्हता. फुटबॉल खेळताना बॉल लागला म्हणाला. आमच्या जुन्या डॉक्टरांनी मला बाहेर बसवून तपासलं आणि गोळ्या दिल्या. अर्ध्या घेतल्या, अर्ध्या टाकल्या, मळमळतं म्हणून. अशा पोराला मी आता रोज मणभर पीठ मळायला लावते आहे, आणि ते कुणापायी?

२६ फेब्रुवारी

आज दुपारी त्याला एकट्याला गाठलं. म्हटलं, हिचं करायचं काय? तो साच्यांना तूप लावत होता. म्हणाला, "जाऊ दे आई. जुनं उकरून कुणाला काय मिळणार? मी तिला काही बोललो नाही. तूही बोलू नकोस."

किती मोठं मन आहे याचं. दुसऱ्या कुणी घर डोक्यावर घेतलं असतं. अगदी बापावर गेला आहे. लघवीची तपासणी अजून दिली नाही, वेळ मिळत नाही म्हणतो. मीही मागे लागले नाही. ज्याचं काही नाही त्यानं कशाला तपासून घ्यायचं.

सून आताशा जेवताना माझ्याकडे बघत नाही, नवऱ्याकडे बघते. सारखी बघते, काहीतरी मागितल्यासारखी. तो ताटातून मान वर काढत नाही. निर्लज्ज तरी किती, असं मला वाटलं.

४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावलं होतं. गेले. गेले नसते तर बरं झालं असतं का? माहीत नाही. जसं झालं तसं लिहिते.

बाईंनी चिरंजीवांना विचारलं, तपासणी का दिली नाही? ते म्हणाले, काम फार आहे. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, लग्नाआधी कधी लघवीला जळजळ, सूज, ताप?

"नाही. कधीच नाही," तो म्हणाला.

आता मला वाटलं, हा विसरला. डॉक्टरला अर्धवट सांगितलं तर औषध चुकायचं. शिवाय मला दाखवायचंही होतं की आमच्या बाजूनं झाकण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, "अरे, नाही कसं? हॉटेलातून आलास तेव्हा सूज नव्हती का? बाई, याला बॉल लागला होता. जांघेत एवढी सूज, सणकून ताप, लघवीला गेला की ओरडायचा. आमच्या जुन्या डॉक्टरांनी दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या होत्या. यानं अर्ध्याच घेतल्या. मी तेव्हाही म्हणत होते, पुऱ्या कर."

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की खोलीत कुणी हलत नाही. चिरंजीव स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मानेपासून कानापर्यंत लाल झाले होते. सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदा सरळ डोळ्यांत पाहिलं. त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

बाई अगदी हळू म्हणाल्या, "आई, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बाहेर बाकावर बसले. समोर बाळांची चित्रं लावली होती. जुने डॉक्टरही तेव्हा हेच म्हणाले होते, आई, तुम्ही जरा बाहेर बसा. बॉल लागलेल्या पोराच्या आईला बाहेर कशाला काढतात?

५ मार्च

बॉल लागून सूज येते. पुष्कळांना येते.

७ मार्च

बॉल लागून आलेली सूज आठवडाभरात उतरते. गोळ्यांनी नाही, शेकानं उतरते. हे मला दोन दिवसांपूर्वीही माहीत होतं.

आज भट्टी थंड झाल्यावर त्याला विचारलं, "खरं सांग, बॉल कुठं लागला होता?"

तो म्हणाला, "आई, तुला तिथं गप्प बसता आलं नाही का?"

मी विचारलं ते हे नव्हतं. पण उत्तर मिळालं.

मग थोडं थोडं करून बोलला. परगावी एक ओळख झाली होती. पुढे टिकली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळ्या पुऱ्या कर आणि पुन्हा येऊन तपासून जा. बरं वाटलं म्हणून सोडल्या, पुन्हा गेला नाही. त्याला काय माहीत, असं होईल. बायकोला सांगायचं मनात यायचं, पण कोणत्या तोंडानं सांगणार? हे सगळं तो ट्रे पुसता पुसता सांगत होता. एकच ट्रे.

मी म्हटलं, महिनाभर मी त्या पोरीला टोचते आहे, तिच्या हातचं पीठ काढून घेतलं, आणि तू शेजारी उभा राहून चाळणी हलवत होतास.

"मी तुला सांगितलं होतं ना, तिला काही बोलू नकोस म्हणून?"

सांगितलं होतं. खरंच सांगितलं होतं. आणि मी इथंच, याच डायरीत, त्याला मोठं मन म्हटलं होतं. मागचं पान उलटून पाहिलं आणि फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. राहू दे, माझ्याच हातचं आहे.

९ मार्च

तिचा एप्रन धुऊन, इस्त्री करून तिच्या खोलीत घेऊन गेले. ती माहेरी जायला बॅग भरत होती. मी एप्रन पलंगावर ठेवला. तिनं तो बॅगेत घातला नाही आणि खालीही टाकला नाही, नुसता थोडा बाजूला सरकवला.

मी विचारलं, तुला कधी कळलं?

"पहिल्याच दिवशी. माझ्या आयुष्यात दुसरं कुणी नव्हतं, आई. मग उरलं कोण?"

"मग बोलली का नाहीस? मी एवढं बोलत होते तुला."

तिनं एक ब्लाउज उघडून पुन्हा घडी घातली. म्हणाली, "यांनी बोलावं म्हणून थांबले. रोज सकाळी वाटायचं, आज बोलतील. तुम्ही माझा कप वेगळा केलात ना, त्या दिवशी तर खात्रीच वाटली. वाटलं, आता तरी यांना बघवणार नाही."

मी पलंगाच्या कडेवर बसले. मी म्हटलं, माझं चुकलं. चुकलं हा शब्द किती बारका आहे, तो तोंडातून बाहेर पडला आणि मला स्वतःलाच पुरला नाही. मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, "माफी नकोय मला. तुमची तर नकोच, तुम्हाला माहीत नव्हतं." मग म्हणाली, "पण मावशींना तुम्ही सांगितलंत. त्यांच्याकडून सगळीकडे गेलं. लोक माझ्या हातात पैसे देत नाहीत. ते तुम्ही जाऊन नीट करा. तुम्हीच."

गोळ्या दोघांच्याही सुरू झाल्या आहेत, बाईंनी लिहून दिल्या. नळ्यांची तपासणी ती करून घेणार आहे, ती तिच्यासाठी, म्हणाली. परत यायचं की नाही, ते त्यानंतर ठरवेल. रिक्षापर्यंत मी बॅग धरून गेले. तिनं ती हातातून काढून घेतली नाही, एवढंच.

१२ मार्च

आज धाकटीकडे जाणार होते. कॅन्टीनवाल्याचा माल होता, राहून गेलं. पीठ आता मी मळते. मनगटं बोलतात.

१५ मार्च

चपला घातल्या, दारापर्यंत गेले, परत आले. परक्याची अब्रू मी एका दमात सांगून आले होते. पोटच्या पोराची सांगायची तर पाय उचलत नाही. ही लाज मला सुनेबद्दल वाटली नव्हती. तेव्हा तर मी तरातरा गेले होते.

चिरंजीवांना कुणकुण लागली. म्हणाले, आई, झाकली मूठ सव्वा लाखाची, आता कशाला उघडतेस? मावशीला सांगितलंस तर मी तोंड कुठं दाखवू?

मी म्हटलं, "तिनं जिथं दाखवलं तिथं. गल्ल्यावर बस उद्यापासून."

उठून गेला. जेवला नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचाही राग आला.

२० मार्च

गेले एकदाची.

धाकटी भाजी निवडत होती. त्याच खुर्चीवर बसले. वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी उडाली. म्हटलं, सुनेचं जे सांगितलं ते खोटं आहे. दुखणं माझ्या मुलाचं होतं. लग्नाआधी, बाहेर लागलं, अर्ध्यावर औषध सोडलं, आणि ते त्यानं तिला दिलं. त्या पोरीचा काडीचा दोष नाही. मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तू जिथं जिथं बोललीस तिथं तिथं हे सांग.

मी मान खाली घालून वाट पाहत होते. आता ही तोंडावर हात ठेवेल, आता म्हणेल की असला मुलगा तुला घरात चालतो कसा.

धाकटीनं देठ मोडला आणि म्हणाली, "एवढंच ना? मला वाटलं, काय झालं."

मी वर पाहिलं.

"अगं ताई, तरुण पोरगा, परगावी एकटा राहिलेला. पुरुषाच्या जातीचं होतं असं कधीकधी. औषध घेतलं, संपलं. तू उगाच जिवाला लावून घेतेस. आणि सून तरी रुसून माहेरी कशाला गेली? एवढं ताणू नये बायकांनी." मग उठली आणि चहा टाकला.

मला बरं वाटलं. हे मला लिहायलाच हवं. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं, की दोन आठवड्यांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला. चहा चांगला झाला होता. मी सगळा प्यायले. तिनं पुन्हा ओतला, तोही घेतला. तिच्या नातीचं बारसं कधी, दुधाचे भाव किती वाढले, असं बोलत बसलो. ती म्हणत होती की ज्यांना बोलले त्यांना सांगेन हं, तू काळजी करू नकोस, आणि मी मान हलवत होते.

जिना उतरताना मधल्या पायरीवर थांबले. महिन्यापूर्वीही मी तिथं बसून मानच हलवली होती. दुखणं तेच, खुर्ची तीच, धाकटी तीच. फक्त तेव्हा ते सुनेचं होतं आणि आज मुलाचं. तेव्हा ते पाप होतं आणि आज त्याला जात मिळाली, पुरुषाची. आणि दोन्ही वेळा मला पटलं. परत वर जाऊन बोलायला हवं होतं. गुडघ्यांचं निमित्त केलं आणि खाली उतरले.

घरी आल्यावर सुनेला फोन केला. मी म्हटलं, सांगून आले.

"सगळं?"

"सगळं. नाव घेऊन."

"काय म्हणाल्या?"

खोटं बोलता आलं असतं. धाकटी रडली म्हणून सांगता आलं असतं, तुझी माफी मागितली म्हणून सांगता आलं असतं, ते तपासायला कोण जाणार होतं. पण या घरात तिच्याशी पुरेसं खोटं बोलून झालं आहे. म्हटलं, म्हणाली की पुरुषांचं होतं असं.

मग तिनं विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणालात?"

मी सगळ्यांची उत्तरं देणारी बाई.

"मी चहा प्यायले," मी म्हटलं.

ती रागावली नाही. बरं, म्हणाली, आणि फोन ठेवला. नळ्यांची तपासणी याच आठवड्यात आहे, एवढं मला माहीत आहे. कोणत्या दिवशी, तिच्यासोबत कोण जाणार, मी येऊ का, हे विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मला विचारायला तोंड नव्हतं.